टॅकेटचं बोट

बेलव्ह्यू, ओहायो
१६ ऑक्टोबर १९७७

प्रिय नेडीन,

तुझे तीन फोन येऊन गेले. तिन्ही वेळा तुझ्या आईने सांगितलं की मी बागेत आहे, आणि तिन्ही वेळा मी तिच्यासमोर बसून कॉफी पीत होतो. तिला माझ्यासाठी खोटं बोलावं लागतं हे बरं नाही, म्हणून पत्र लिहितोय. फोनवर मी भडकलो असतो. कागदावर निदान खोडता येतं.

सफरचंदं उतरवून झाली. आईचा गुडघा थंडीने परत धरलाय, पण ती कबूल करत नाही. शिकागोच्या पेपरने तुला बोलावून घेतल्याचं शेजारच्या ओटिसकडून कळलं. "पोरीने नाव काढलं, व्हर्जिल," म्हणाला. मी मान हलवली आणि शिडी उचलून आत आलो.

तुला बेसबॉलचा खेळ मीच दाखवला. नऊ वर्षांची होतीस, पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि मी सांगायचो, चेंडूकडे सगळेच बघतात, तू फेकणाऱ्या माणसाकडे बघ. पुढे तू पेपरात लागलीस, तेव्हा पत्रकारांच्या कक्षात बाईमाणूस नको म्हणून आमच्या संघाचा मॅनेजर हार्लन अडून बसला होता. मी त्याच्या ऑफिसात जाऊन म्हटलं, माझी मुलगी म्हणून नको, तिला तिथल्या निम्म्या बाप्यांपेक्षा जास्त कळतं म्हणून बसू दे. आठवडाभर कुरकुरला, मग कबूल झाला. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगतोय, कारण आज माझं मन मोठं नाहीये.

जूनमध्ये चेंडू फेकायला आमच्या संघात लॉनी टॅकेट आला. केंटकीच्या डोंगरातला, खाणकामगाराचा मुलगा, एकवीस वर्षांचा. सामन्याआधी न चुकता ओकायचा, तोंड धुवायचा आणि मैदानात उतरून भल्याभल्यांना नाचवायचा. पहिले सहाच्या सहा सामने जिंकले त्याने. गावभर एकच विचारणा, पोरगा टिकेल का? न्हाव्याने विचारलं. चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी विचारलं, त्यांना मी म्हटलं, भविष्य तुमचं खातं, मी फक्त पिचर सांभाळतो. खरं म्हणजे इतक्यात कुणालाच सांगता येत नाही. नवा पिचर पहिल्या फेरीत सगळ्यांना चकवतो. तेच बॅटर दुसऱ्यांदा समोर येतात, तेव्हा त्याचं पाणी कळतं. पण मला एक गोष्ट दिसली होती, आणि ती फक्त मलाच दिसली होती.

जुलैतल्या त्या रविवारी तू जेवायला आलीस. आईने बीफ शिजवलं होतं. पान पुढे ओढत तू म्हणालीस, "डॅड, लोकांना सांगता ते राहू द्या. मला खरं सांगा, टिकेल हा?" मी म्हटलं, ही गोष्ट या घराबाहेर जाता कामा नये. तू हसलीस. "मी काय इथे कामावर आलेय का?" मग मी सांगितलं. ग्लोव्हमध्ये चेंडू धरताना त्याचं एक बोट बाहेर राहतं. सरळ चेंडू टाकताना ते आडवं असतं, आणि वळणाऱ्या चेंडूची पकड घेताना ताठ उभं राहतं. हे ज्या दिवशी कुणाच्या लक्षात येईल, त्या दिवशी पुढचा चेंडू कोणता हे बॅटरला आधीच कळेल. ही सवय मी हिवाळ्यात, सावकाश मोडून काढणार होतो. तू आणखी बटाटे वाढून घेतलेस.

बुधवारी ते तुझ्या नावाने छापून आलं. "टॅकेटचं बोट". फोटोसकट.

गुरुवारी आमच्याच मैदानात पहिल्या इनिंगमध्ये त्याला पाच धावा बसल्या. बोट उभं राहिलं की समोरच्या संघाच्या बाकावरून शिट्टी यायची. आपल्याला काय होतंय हे त्याला कळेना, आणि प्रत्येक फटक्यानंतर तो माझ्याकडे बघायचा. त्याने पेपर वाचला नव्हता. मी वाचला होता, आणि सकाळपासून त्याला सांगायचा धीर मला झाला नव्हता. सामन्यानंतर हार्लनने मला कोपऱ्यात घेतलं. "तुझी पोरगी आहे ना ती?" मी म्हटलं, तिला तिचे डोळे आहेत. तोवर पेपर लॉनीच्या हाती पडला होता. हे ऐकून तो काय म्हणाला माहीत आहे? "हुशार आहे हो तुमची मुलगी, कोच. तुमच्याही नजरेतून सुटलं होतं ना?" मी हो म्हटलं, नेडीन. एकतीस वर्षं या धंद्यात काढून मी त्या पोराला हो म्हटलं.

मग तो बोट लपवायला लागला. बोट लपलं तर पकड सुटायची, पकड सुटली की चेंडू कुठेही. पुढच्या पाचांतले चार सामने गेले आणि ऑगस्टच्या मध्यावर त्याला खालच्या संघात पाठवून दिलं. त्या वेळी तू फोनवर म्हणालीस, "डॅड, आज ना उद्या कुणीतरी पाहिलंच असतं." असतं. पण सप्टेंबरपर्यंतचे सामने त्याला मिळाले असते, आणि ते त्याचे होते, तुझे नव्हते. माझेही नव्हते. मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगू शकलो असतो. जिंकणाऱ्या पोराच्या डोक्यात किडा सोडू नये, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरी गोष्ट अशी की सगळं गाव विचारत असताना उत्तर एकट्या माझ्या खिशात होतं, आणि मला ते आवडत होतं. तुला सांगितलं तेही त्याच मिजाशीत. तुझ्यावरचा राग त्यामुळे कमी होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

आता पत्राचं कारण. गेल्या मंगळवारी मी गाडी काढून केंटकीला गेलो आणि लॉनीला त्याच्या आईसमोर सगळं सांगितलं. त्याच्या आईने मला बस म्हटलं नाही. मग लॉनी म्हणाला, "मोडून काढता येईल ना ही सवय अजून?" परत येताना हार्लनलाही सांगितलं; पुढच्या वर्षी मी संघात नसेन. एक तारखेपासून लॉनी आपल्याकडे राहायला येतोय, हिवाळाभर, तुझ्या खोलीत. तुझं सामान मी सात खोक्यांत भरून पडवीत ठेवलंय. ते न्यायला तू स्वतः ये, माणूस पाठवू नकोस. आईला तुला बघायचंय, आणि मलाही. पण तो टिकेल का, हे मला विचारू नकोस. मार्चपर्यंत मला ते कळलेलं असेल, आणि मी तुला सांगणार नाही.

तुझाच,
डॅड