काच फुटली नाही

लातूर, श्रावणी सोमवार

पाडकामाचा निधी आज नगरपालिकेच्या सभेत मंजूर झाला. उपास आहे, तरी पोट भरल्यासारखं वाटतंय.

भूकंपात तडकलेली ती ओसाड तेलगिरणी. भिंत सरकते का ते कळावं म्हणून तड्यावर काचेची पट्टी नगरपालिकेचा इंजिनिअर म्हणून मीच चिकटवली होती. भिंत हलली की काच फुटते. वर्ष झालं, फुटली नाही, म्हणून पाडायला निधीही मिळेना. आणि खाली क्लासच्या पोरांच्या सायकली रोज लागतात.

सकाळी एकटाच होतो. मनात आलं, एक टिचकी मारली तर? कुणाला कळणार? हात उचललाही. महादेवाला कळलं असतं, म्हणून खाली घेतला.

मग खाजामिस्त्री आले. त्यांनी काचेशेजारी हातोडी ठोकली, तर आवाज पोकळ! म्हणाले, "स्वामीसाब, काच गिलाव्यावर चिकटवली की तुम्ही. गिलावा सुटलाय. भिंत मागं खुशाल सरकून राहिली."

गिलावा खरवडून काच दगडावर लावायची, एवढं साधं मी चुकलो.

सभेत एक नगरसेवक हसलेच, "ओ स्वामी, तुमचीच काच फुटंना, अन् निधी कशाला मागून राहिले?"

उभं राहून सांगितलं, चूक माझी आहे, काच चुकीच्या जागी लावली. भिंत सरकतेय.  मतदानाला पहिला हात त्या हसलेल्या नगरसेवकांनीच वर केला.

लाज वाटली? थोडी. पण उद्यापासून सायकली पलीकडं लागतील.

पट्टी घरी आणून देवापुढं ठेवली. साधा ओरखडाही नाही तिला.