राखेच्या विटा, दुसरी खेप

५ मार्च
अंगणवाडीच्या भिंतीला आपलीच वीट लागणार – पण अट आहे. यवतमाळच्या कॉलेजात वीट दाबून बघतील. फुटली, तर बाहेरची लाल वीट येईल आणि आम्हा बायांचं मशीन शोभेला राहील. वीज केंद्राची राख, चुना, रेती. आज आठशे विटा पडल्या. बबिता, लालीबाई, मी – तिघी भुतासारख्या राखाडी. आता एकवीस दिवस पाणी मारायचं.

१२ मार्च
दोन दिवस ट्रेनिंगला गेले, परत येऊन पाहते तर विटा उन्हात कोरड्या ठण्ण! मामंजींनी पाणी बंद करवलं. तीस वर्षं भट्ट्यांवर मातीच्या विटा पाडल्या त्यांनी. "कच्च्या विटेले पाणी लागलं का चिखल होते तिचा." राखेची वीट भट्टीत जात नाही, पाण्यानंच पक्की होते – कितीदा सांगितलं होतं! एक उचलली, कड हातात आली.

तांड्यात सून सासऱ्याशी तोंड वर करून बोलत नाही. मी बोलले, सगळ्यांसमोर. "मातीची अक्कल राखीत नाई चालत, मामंजी." ते खाली वाकून तुकडे गोळा करत बसले.

१३ मार्च
बोलले ते बोलले. चूक त्यांचीच.

१५ मार्च
मामंजी उमरखेडला गेले, नणंदेकडे. "पोरीले भेटून येतो." पिशवीत सगळे कपडे होते.

१६ मार्च
पुन्हा आठशे. हापशीवरून पाणी आणून खांदे गेले. लालीबाई म्हणते, "माणसाले प्याले नाई अन् तू विटायले पाजून राह्यली." पाजते!

२ एप्रिल
वीट वाजवून पाहिली. खणखणते. मामंजींना दाखवावीशी वाटली. ह्यांनी उमरखेडला फोन लावला, ते फोनवर आले नाहीत. मीच करायला हवा. नाही केला.

१६ एप्रिल
पास!! भिंत आमचीच. बबितानं पेढे वाटले. हे म्हणाले, "बापूले सांगू?" म्हटलं, मी सांगते.

१८ एप्रिल
कळंबला चुना आणायला आले. दुकानदार जफरभाई म्हणाले, "या टायमाचा चुना बराबर होता ना? मागची गोणी हवा लागून मेलती. तुमचे सासरे बदलवून घेऊन गेले. म्हणे हाताले चटकाच नाई लागत, अशा चुन्याची वीट पाण्यात बुडवून ठेवली तरी पक्की नाई होत. मले म्हणे, गोणी सूनबाईच्यानं उघडी राह्यलती, तिले सांगू नोका."

कधी आले होते?

"तेरा मार्चले."

चुना घेतला नाही. उमरखेडची गाडी पाऊणला आहे. स्टँडवर बसले आहे.