डीकन जेवत नाही

टॅलो क्रीक, जॉर्जिया
१२ ऑक्टोबर १९९६

चि. रॉयस यास कॉर्लिसताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझा डीकन तीन आठवडे जेवलेला नाही. तू सांगून गेलास तसंच सगळं करते. फ्रीजरमधून भेंडीच्या पिशवीशेजारचा उंदीर काढते, कोमट पाण्यात सोडते आणि चिमट्यात धरून त्याच्यापुढे नाचवते. महाराज जीभ काढून वास घेतात आणि तोंड फिरवतात. चर्चमध्ये वर्गणीचं ताट पुढे आलं की म्हातारा टर्नर फिरवतो ना, अगदी तसं. दोन वर्षं सांभाळला, आता माझ्या हातून काही झालं तर तू मला काय म्हणशील?

बाकी ठीक. शाळेच्या स्वयंपाकघरात माझे पाय अजून सुजतात. बाबा पहाटेपासून त्यांच्या सुतारशाळेत असतात. पाद्रीसाहेबांच्या मुलीच्या लग्नासाठी सीडरच्या लाकडाची कपड्यांची पेटी चालू आहे. तुझं नाव निघालं की अजून ताटावरून उठतात, म्हणून मी काढत नाही. सापाचं मात्र लवकर कळव.

तुझी काळजी करणारी,
ताई


राज्य तुरुंग
२१ ऑक्टोबर

प्रिय ताईस, सा. न.

तुझं पत्र पोचायला आठ दिवस लागले. इथे आधी साहेब वाचतात, मग मी. साहेबाने विचारलं, हा डीकन म्हणजे चर्चमधला का? म्हटलं, हो, फार धार्मिक आहे, सध्या उपास चालू आहे.

तू घाबरू नकोस. निरोगी साप महिनाभर जेवला नाही तरी मरत नाही. आधी डोळे बघ. दुधासारखे झाले असतील तर कात टाकायची वेळ आलीय, टाकली की जेवेल. दिव्याखालची बाजू उबदार आहे ना? गारठ्यात सापाला अन्न पचत नाही, म्हणून तो खातच नाही. उंदीर त्याच्या अंगाच्या जाडीपेक्षा मोठा नको. आणि तू दिवसातून दहा वेळा झाकण उघडून त्याची विचारपूस करत असशील, तर ती आधी बंद कर. लपायला खोकं आहे का? त्याच्या काचेच्या टाकीत काही नवं ठेवलंयस का? सगळं कळव.

मार्चमध्ये सुटेन. तोवर त्याला जगव, ताई. त्या घरात माझी वाट बघणारे तुम्ही दोघंच. बाबांना मी दोष देत नाही. अपघातात गेला तो डेल्मरच गाडी चालवत होता, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि मयताच्या दिवशी वर्डी आत्याला, त्याच्या आईला, तोंडावर तसं सांगितलं. खरं काय ते त्यांना कोर्टात कळलं. सख्ख्या बहिणीचं दार त्यांना माझ्यामुळे बंद झालं. माझं नाव कुठल्या तोंडाने घेतील?

आहे ती माया असू दे.
रॉयस


टॅलो क्रीक
२ नोव्हेंबर

चि. रॉयस, अ. आ.

डोळे स्वच्छ आहेत. दिवा चालू आहे. उंदीर तर एवढासा दिला की मलाच त्याची दया आली. तरी खात नाही. हल्ली मान वर करून तोंड उघडतो, मोठ्या जांभया देतो. कंटाळला असेल बिचारा. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, बाई, गाय असेल तर आणा.

पण आज मी तुला वेगळीच बातमी देणार आहे. सांगू नकोस असं मला बजावलंय, तरी सांगते. टाकीत नवं काय, असं तू विचारलंस ना? सप्टेंबरात एका शनिवारी घरी आले, तर बाबा टाकीपुढे उभे! म्हणाले, जनावराला वर्तमानपत्रावर काय निजवता, तुरुंगात आहे का ते? मग स्वतः जाऊन रंध्याखालच्या ताज्या ढलप्या घेऊन आले. लाल सीडरच्या, कुरळ्या, रेशमासारख्या. तेव्हापासून दर शनिवारी बदलतात. पाद्रीसाहेबांच्या पेटीच्या ढलप्या तर खास त्याच्यासाठी बाजूला ठेवल्या होत्या. घरभर वास दरवळतो. तुझं नाव घेत नाहीत, पण तुझ्या सापाचं अंथरूण घालतात. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

तुलाही रडायला हरकत नाही.
ताई


राज्य तुरुंग
१० नोव्हेंबर

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू दे. हे वाचत असशील तिथून उठ आणि टाकीतल्या सगळ्या ढलप्या काढ. एकही ठेवू नकोस. काच ओल्या फडक्याने पूस, कागद घाल, झाकण थोडा वेळ उघडं ठेव.

सीडर सापाला विष आहे. त्या जांभया नाहीत, त्याला श्वास घेता येत नाहीये. म्हणूनच तो खात नाही. मोठ्या गावात सापाला हात लावणारा डॉक्टर मिळेल, तिथे आजच ने.

चूक माझी. कागद घाल एवढंच सांगून गेलो, सीडर नको हे सांगायचं सुचलंच नाही. आजोबांपासून ज्या लाकडावर घर जेवलं, ते कुणाला मारेल हे आपल्या घरात कुणाच्या डोक्यात येणार?

बाबांना कळू देऊ नकोस. काहीही कारण सांग.

रॉयस


टॅलो क्रीक
१९ नोव्हेंबर

चि. रॉयस,

तुझं पत्र काल आलं. डीकन शुक्रवारी, पंधरा तारखेला गेला. सकाळी पाण्याच्या वाटीला वेढा घालून पडला होता. आधी झोपलाय असंच वाटलं.

बाबांनी कुंपणापाशी खड्डा खणला. टोपी काढून उभे राहिले. मला म्हणाले, रॉयसला काय सांगायचं? तुझं पत्र पिठाच्या डब्याखाली लपवलंय. ते रोज विचारतात, पोराने कारण लिहिलं का? दोन वर्षांनी तुझी विचारपूस करतायत रे, आणि विचारतायत ते हे. मला खोटं नीट बोलता येत नाही, तू जाणतोस. थंडी म्हणू की म्हातारपण, ते ठरवून कळव.

धीर धर.
ताई


टॅलो क्रीक
२१ नोव्हेंबर

रॉयस, आशीर्वाद.

तुझा साप मेला हे कॉर्लिसने कळवलं असेल. त्याच्याखाली ढलप्या मी घालत होतो. सोमवारी तुझं पत्र आलं तशी तिने ते उभ्यानेच वाचलं आणि रिकाम्या टाकीतल्या ढलप्या उपसून लांब नेऊन टाकल्या. तेव्हापासून माझ्याकडे बघत नाही. माझं वय झालंय, डोळे गेलेले नाहीत.

सापांचं तुला कळतं. तो कशाने मेला? एकदा तुझ्या शब्दावर मी बहिणीच्या दारात गेलो होतो. या वेळी विचार करून लिही.

हॉलिस यारब्रो


राज्य तुरुंग
१ डिसेंबर

ती. बाबा यांस, शि. सा. न.

होय, ढलप्यांमुळेच गेला. सीडरच्या ज्या तेलाने पेटीतल्या कपड्यांना कसर लागत नाही, ते बंद काचेत दिव्याच्या उबेने सापाच्या छातीत उतरतं. आधी खाणं सुटतं, मग श्वास.

थंडी बाधली असं सांग, असं मी ताईला लिहून ठेवलं होतं. पाकीट टपालात पडायच्या आत तुमचं पत्र आलं. ते पाकीट मी फाडलं.

तुम्हाला माहीत नव्हतं. त्याला चांगलं अंथरूण मिळावं म्हणून तुम्ही ते केलंत. माझं तसं नव्हतं, बाबा, म्हणून तुमचं आणि माझं एका पारड्यात घालू नका. मी प्यायलो होतो आणि गाडी मी चालवत होतो. डेल्मर शेजारी बसून हळू चालव म्हणत होता. कोर्टात माझ्या वतीने वकील बोलला, मी नुसती मान हलवली. तुम्हाला माझ्या तोंडून हे मी कधीच सांगितलं नाही. आज सांगतो. वर्डी आत्यालाही लिहितोय. तुम्ही तिच्याकडे जे बोललात ते माझं खोटं होतं, तुमचं नव्हतं, एवढं तरी तिला माझ्या अक्षरात मिळू दे.

मार्चमध्ये घरी यावं की नाही, ते तुम्ही ठरवा. तोवर दर रविवारी लिहीत जाईन. लोभ मागत नाही. पत्र उघडावं, एवढंच मागतो.

आपला,
रॉयस