दारातला बुद्ध

आई, फ्रँकफर्टहून जयभीम.

आम्ही ठणठणीत आहोत. वरळीच्या नव्या टॉवरमधल्या लिफ्टची तुझी भीती गेली का?

आपल्या संघमित्रासाठी इंटरनॅशनल शाळा बघितली. शाळा कसली, लग्नाचा हॉल! पोरांना ध्यानासाठी वेगळी खोली, तिच्या दारात शोभेला बुद्धाचं नुसतं डोकं, कुंडीशेजारी. तुझ्या नातीने बूट काढले, हात जोडून वंदना म्हटली. मॅडम गोड हसून म्हणाल्या, "शाळेत आम्ही धर्म आणत नाही."

बाहेर आल्यावर पोरगी विचारते, "पप्पा, मग बुद्धाला कशाला आणलं?"

यांच्यापेक्षा आपली म्युन्सिपालटीची शाळा शहाणी. तरी नाव या इंटरनॅशनल शाळेतच घातलंय, जवळ दुसरी इंग्रजी शाळा नाही. वंदना फक्त घरी म्हणायची, हे तिला तूच फोनवर सांग. माझी जीभ रेटत नाही.

तुझा अभय