भिंतीवरची खडूची रेघ

सोमवार, ४ नोव्हेंबर

नातीनं गाडी आणली! कुणीतरी वापरलेलीच, पण आम्हाला नवी कोरी. पडदे शिवायचे आणि लोकांकडे जाऊन लावून द्यायचे, हे तिचं काम. कापडाचे तागे खांद्यावर वाहून पोरीची मान वाकडी व्हायची वेळ आली होती. आता तागे गाडीत. मागची निम्मी सीट ताग्यांना, निम्मी मला. पुढं बस म्हणते, पण पुढं बसलं की मीच गाडी चालवतेय असं वाटून पाय दाबत राहते. मागंच बरी. महाराणी!

आणि दिवे काय सांगू — दुधासारखे पांढरे. मला मोतीबिंदू, तरी मला रस्त्यावरचा खडा न् खडा दिसला. समोरून येणारा जो तो दिव्यांची उघडझाप करत होता. म्हटलं, "बघ, किती लोक ओळखतात तुला!"

"आजी, शिव्या घालतायत ते. दिवे डोळ्यांत जातायत त्यांच्या."

जाऊ देत. जळतात मेले.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आज कालव्यापलीकडच्या दवाखान्याचे पडदे. पेशंट गेल्यावरच लावायचे, म्हणून निघायलाच पावणेसात. सहा तागे, पडद्याच्या लोखंडी दांड्या, शिडी, वर मी. गाडी मागून पार बसली. रस्ताभर माझी बडबड. चौथीत आमच्या बाईंनी मला फळ्यावर बेरीज करायला उभं केलं आणि मी फळाच पाडला, ती गोष्ट. किती वेळा सांगते! छान पडदे लागले. निळे.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

वाईट झालं. पाण्याच्या टाकीवरचा पंपवाला — आमच्या गल्लीला रोज पाणी सोडतो तोच — मंगळवारी कामावर जाताना कालव्याच्या वळणावर सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत पडला. खुबा मोडला. सकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही. गार पाण्यात पडून होता बिचारा. शुद्धीवर आल्यावर एवढंच म्हणाला, "समोरून गाडी आली, डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं."

सात वाजता पडला म्हणे.

मंगळवारी सात वाजता त्या वळणावर आम्हीच होतो. नात आणि मी.

मुलाला सांगितलं तर तो माझ्यावरच उखडला. "आई, तू आधी तोंडाला कुलूप लाव. शंभर गाड्या जातात तिथून. पोरीचं आयुष्य बरबाद करशील."

माझ्या तोंडाला कुलूप! साठ वर्षांत कुणाला जमलं नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

घास उतरत नव्हता. आपले दिवे असले तर? नात दोन दिवस शिलाईच्या मशीनवरून उठली नव्हती. आज दुपारी आपणहून म्हणाली, "गॅरेजवाल्याला बोलावते. होऊ दे एकदाचं."

तिन्हीसांजेला आला. गाडी अंगणात भिंतीकडं तोंड करून लावली. पावलांनी अंतर मोजलं, दिव्यांची उंची मोजली, भिंतीवर खडूनं आडवी रेघ ओढली. म्हणाला, "आजी, उजेड रेघेच्या वर गेला की समोरच्याच्या डोळ्यांत गेला. खाली राहिला की रस्त्यावर पडला."

दिवे लावले. मी ओट्यावर श्वास धरून.

खाली! दोन्ही खाली!

"स्क्रूला हात लावायचीसुद्धा गरज नाही," म्हणाला. मी टाळ्या वाजवल्या. "आजी, आता लायसन काढा," म्हणाला. काढीन की! रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. नात मात्र पानावरून लवकर उठली. दमली असेल.

रविवार, १० नोव्हेंबर

पंपवाल्याला बघायला गेले. एकटीच, नातीला काम होतं. माणूस अर्धा झालाय. छातीत पाणी भरलंय. बायको बाहेर बाकावर बसून होती. म्हणाली, "पडल्यावर कुणी थांबलं असतं तर एवढं झालं नसतं. खुबा काय, बसला असता. ही छाती…"

मी लगेच सांगून टाकलं, "आम्ही आमचे दिवे तपासून घेतले हो. अगदी नीट आहेत."

तिनं माझा हात धरला. "आजी, माफ करा. लोक पांढऱ्या दिव्यांची गाडी म्हणत होते, माझ्या मनात तुमची नातच आली होती. पाप केलं मी."

तिला म्हटलं, अगं, चालायचंच. घरी येताना अगदी हलकी झाले होते.

मंगळवार, १२ नोव्हेंबर



आज अंधार पडल्यावर निघताना तागे भरून झाले, मी मागं जाऊन बसले, नातीनं गाडी चालू केली, दिवे लागले. कात्री विसरली म्हणून ती घरात पळाली. गाडी शुक्रवारच्याच जागी, समोर भिंत. रेघ अजून तशीच.

उजेड रेघेच्या वर. चांगला वीतभर!

मोतीबिंदू म्हणून डोळे पुसले. वरच. खाली उतरले. उजेड जरासा खाली आला. पुन्हा बसले. पुन्हा वर. तागे आणि मी मागं बसलो की गाडी नाक वर करते. शुक्रवारी ती रिकामी होती. तागे घरात, मी ओट्यावर. गॅरेजवाल्यानं विचारलं नाही आणि आम्हाला कुणाला सुचलं नाही. आणि गेल्या मंगळवारी तर दांड्या होत्या, शिडी होती.

आमचेच दिवे.

नात कात्री घेऊन आली. "काय गं आजी, गप्पशी?" मी काही नाही म्हटलं. तिला बिचारीला कल्पनाच नाही! कोणत्या तोंडानं सांगू? आणि ती बाई माझीच माफी मागून बसलीय.

बुधवार, १३ नोव्हेंबर

नातीला सांगितलं. रेघ, तागे, सगळं. ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही.

"मला माहीत आहे, आजी. त्याच्या सायकलचा मागचा लाल दिवा मला आरशात दिसत होता. मग चारीत गेलेला दिसला. तू फळा पाडल्याची गोष्ट सांगत होतीस. मी गाडी थांबवली नाही."