धाकटीनं घासलेली चकती

बाबा, काल दुपारी धाकटीचा फोन आला. ती आता बंगलोरला मोबाइलमध्ये बसणारे क्वार्ट्झचे स्फटिक तपासते. मी राजुऱ्यात शाळेत विज्ञान शिकवते. तिचा एक नवा स्फटिक, तांदळाच्या दाण्याहून लहान, सर्किटमध्ये सुरूच होत नव्हता. "चकती लहान झाली का तिचा विरोध वाढते, ताई. मंग जोर जास्त द्यावा लागते. आन जास्त दिला तं वारंवारताच सरकते. मोठी चकती बरी, एकदा लागली का हलत नाई. बाबा सांगत होते नं?" मी हो म्हटलं. मला तुम्ही ते कधीच सांगितलं नव्हतं.

एटापल्लीच्या क्वार्टरमधली ती सुट्टी मला अजून जशीच्या तशी दिसते. तुम्ही वनखात्यात वायरलेस मेकॅनिक. सेट तपासायला घरीच एक लहान यंत्र जुळवत होता, आणि त्यासाठी जुन्या सेटमधली क्वार्ट्झची नखाएवढी चकती हव्या त्या वारंवारतेवर आणायची होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर काचेचा तुकडा, त्यावर पाण्यात कालवलेली घासायची बारीक पूड. चकती जितकी पातळ होईल, तितकी ती जलद कंप पावणार. मी विचारलं, "बाबा, मी घासू का?" "तू भात पाह्य," तुम्ही म्हणालात, आणि चकती धाकटीच्या हातात दिली. "तुहा हात हलका हाये, माय." तिचं बोट काचेवर गोल गोल फिरतंय, तुम्ही वाकून बघताय, मध्येच हसताय. माझा हात जड आहे हे मला त्या दिवशी कळलं.

काम अगदी थोडं उरलं होतं. तुम्ही दोघं हात धुवायला अंगणात गेलात, तेव्हा मी ती चकती एका कडेला दाबून पाच-सहा वेळा काचेवर ओढली आणि परत जागेवर ठेवली. यंत्रात बसवली तर मुकीच. तुम्ही ती उजेडात धरलीत. "काऊन घाई केली तू? एकच कड घासली. कमी केलेलं परत लावता येत नाई." ती रडली, पण 'मी नाही' असं म्हणाली नाही. बहुतेक आपल्याच हातून बिघडली असं तिलाही वाटलं असेल. मी ताटं वाढली.

मला वाटलं, आता तुम्ही मला बोलवाल. तर दुसऱ्या दिवशी तुम्ही नवी चकती घेऊन आलात. "हिले नीट शिकवाच लागते," असं आईला म्हणालात, आणि महिनाभर कामावरून आलात की तिच्याशेजारी बसलात. जाडी, आकार, सपाटपणा, कुठली चकती स्थिर राहते आणि कुठली भरकटते, सगळं तिला. मी भिंतीपलीकडून कान लावून ऐकायची. अर्धं पातेल्यांच्या आवाजात जायचं.

काल फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "त्या दिवशी मी चकती बिघडवली नसती तं आज इथी नसती, ताई." मी म्हटलं, "ठेव आता, तास आहे माझा." रविवार होता.

हे तुम्हाला लिहून मी फाडणार आहे. तिला खरं सांगत नाही, ते लाजेपोटी नाही, बाबा. सांगितलं तर ती माझे आभार मानेल, आणि ते मला सोसणार नाही.