यादीतून गाळलेलं नाव

१२ एप्रिल
दत्तूकाका पत्रिका घेऊन आले. त्यांच्या सुमीचं लग्न. "माईक तूच धर. अख्ख्या बेंबळी गावात तुझ्यावानी नावं पुकारणारं दुसरं कोण हाय?" मी "ह... हो" म्हणालो. काका हसले. "अजून तसाच हाईस की रं तोतऱ्या!"
पंधरा वर्षं लग्नांत माईक धरतोय, एकदाही अडखळलो नाही. आता अडखळतो तो फक्त या माणसासमोर. हे नावही त्यांनीच ठेवलं, मी सात वर्षांचा असताना, भर पंगतीत. दिवसभर नुसता संताप.

१९ एप्रिल
ठरलं. फेटे बांधायला मानकऱ्यांची नावं मीच पुकारणार. नवरदेवाच्या थोरल्या चुलत्याचं गाळायचं. ते रुसून उठले की भर मांडवात दत्तूकाका हात जोडतील, त्यांची बोबडी वळेल. मला ते बघायचंय.
सुमीचं वाईट वाटतं. लहानपणी माझं वाक्य संपेपर्यंत थांबणारी ती एकटीच. म्हणूनच तिच्याशी बोलताना कधी अडखळलो नाही. तरीपण...

३ मे
लग्न झालं. बावीस नावं खणखणीत घेतली, चुलत्यांचं गाळलं. ते उठले. "आमी काय उष्टी काढाया आलोय व्हय?" व्याही चपला शोधायला लागले. सुमीचं तोंड उतरलं. दत्तूकाका पळत आले. मी वाट बघत उभा.
तर हा माणूस हसत म्हणतो, "पाव्हणं, पोरगं तोतरं हाय. अवघड नाव आलं की गिळतंय. रागावू नगा."
सगळा मांडव हसला. चुलत्यांनी माझी पाठ थोपटली, फेटा बांधून घेतला. मी सांगायला गेलो, मुद्दाम ग... ग... गाळलं. आणखी हसले. सुमी हसली नाही. तिला कळलंय.

५ मे
हॉटेलात चहाला गेलो. "या तोतरेभाऊ, बसा." परवापर्यंत इथंच मला 'निवेदकसाहेब' म्हणायचे. घरी येऊन आरशासमोर स्वतःचं नाव घेतलं. तिसऱ्या खेपेला आलं.
उद्याचं एक लग्न होतं, त्यांनी दुसरा माणूस बघितला.

९ मे
दत्तूकाकांचा फोन. धाकट्याची सोयरीक जमली. "माईक तूच धर. अडकलास तर म्या हायेच सावरायला."
"धरतो की, काका. मानकऱ्यांची यादी तेवढी लवकर पाठवा." एका दमात म्हणालो. कुठं अडखळलो नाही.